आरच्या खोऱ्यातला न प्यालेला पेला

सखा,

तुला दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरनं मला पहिला प्रश्न काय विचारला, ठाऊक आहे? "रोज किती घ्यायचे?"

तुझे डोळे हळदीसारखे पिवळे, पोट फुगलेलं, तू आपल्याच नादात काहीतरी बरळतोयस, आणि तो तरणा डॉक्टर चष्मा पुसत मला विचारतो, रोज किती घ्यायचे. मी म्हणालो, "थेंबभरही नाही." तो हसला. म्हणाला, "सगळे असंच सांगतात." मी त्याच्या टेबलावर हात आपटला. सुमनवहिनींनी मागून माझी बाही ओढली म्हणून, नाहीतर त्या दिवशी यवतमाळात मला पोलीस घेऊन गेले असते.

त्या पोराला मी काय सांगणार होतो? की बाबा, हा माणूस एक अख्खं वर्ष जर्मनीत दारूच्या खोऱ्यात हिंडला, दर रविवारी हिंडला, आणि कोरडाच्या कोरडा परत आला? आणि त्याच्या कोरडेपणापायी मला जो मनस्ताप झाला त्याचं औषध तुझ्या दवाखान्यात आहे का? दोन दिवसांनी तोच डॉक्टर म्हणाला की ही कावीळ दूषित पाण्यातून झाली. पाण्यातून! आयुष्यभर जो पाण्याशिवाय काही प्याला नाही, त्याला पाण्यानं मारलं. यावर तुझ्याशी भांडायला मी तुझ्या खाटेपाशी आलो, तर तू झोपला होतास. आणि मग उठलाच नाहीस. ही कुठली रीत?

तुला आठवत असेलच, पण मी सांगणार. आता तुला मध्ये तोंड घालता येत नाही, तेवढाच माझा फायदा.

आपण दोघं यवतमाळच्या जिनिंगमध्ये फिटर. तू घाटंजीचा, मी महागावकडच्या लमाणांच्या तांड्यावरचा. तू पहिल्याच दिवशी मला सांगितलंस, "सखाराम म्हनू नको. राम काढून टाक." छप्पन साली तू नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला होतास आणि तेव्हापासून स्वतःच्या नावातसुद्धा साफसफाई चालली होती. मी राम काढला. उरला सखा. मला बरंच वाटलं. तू मात्र मला थावरा सोडून थावऱ्या म्हणायला लागलास, त्याला कुठली दीक्षा लागली नाही.

मालकांनी कापसाच्या गासड्या दाबायचं नवं यंत्र जर्मनीहून मागवलं आणि ते शिकून यायला आपल्या दोघांना पाठवलं. राइन नदीच्या काठचं गाव, कारखान्याचं वसतिगृह, एका खोलीत तीन खाटा, तिसरी रिकामी. मी ठरवून टाकलं होतं, सहा दिवस काम, सातव्या दिवशी झोप. पहिल्या रविवारी उजाडायच्या आत तू माझं पांघरूण ओढलंस.

"ऊठ. इथून जवळच एक नदी येऊन मिळते. आर नाव हाये."

"मंग?"

"मंग काय? आर! बैलाले टोचाच्या काठीले असते ते आर. असं नाव कोन्या नदीचं असते का बे? पाहून येऊ."

एका नावापायी. बाकीची माणसं किल्ले पाहायला जातात, चर्च पाहायला जातात. तू मला एका नावापायी थंडीत उठवलंस, आणि त्या आरेनं मग मला वर्षभर टोचलं.

खोरं ते केवढं! आगगाडी धुराचे लोट सोडत आत शिरते, दोन्ही बाजूंनी डोंगर अंगावर येतात, आणि डोंगरावर खालपासून वरपर्यंत द्राक्षाच्या वेली. सकाळी एका टोकाहून निघालेला माणूस संध्याकाळी दुसऱ्या टोकाला पोचतो, एवढाच काय तो मुलूख. बारकी बारकी गावं, लाकडाच्या आडव्यातिडव्या पट्ट्यांची घरं, आणि प्रत्येक गावाची दारू वेगळी, असं तिथले लोक शपथेवर सांगतात. पलीकडच्या गावची चांगली म्हटलं तर तोंड फिरवतात. मला आपली पुसदची आणि दिग्रसची माणसं आठवली.

तू काय पाहत होतास? तू बांध पाहत होतास. चिखल न लावता नुसते दगडावर दगड ठेवून रचलेले बांध, शिडीसारखे वर चढत गेलेले. त्यांना हात लावत, वाकून खालून बघत तू चाललेला आणि मी मागून धापा टाकत. तो सगळा डोंगर शाळेच्या पाटीच्या दगडाचा. दिवसभर तापतो आणि संध्याकाळी वेलींना ऊब देतो, असं कुणीतरी आपल्याला सांगितलं. तू त्यातला एक पातळ तुकडा उचललास, दुसऱ्या दगडाच्या टोकानं त्यावर "घाटंजी" असं लिहिलंस आणि तो बांधावर उभा करून ठेवलास. मी म्हणालो, महागाव पण लिही. तू म्हणालास, "तुह्या गावाचा दगड तू पाह्य."

एका गावापाशी रस्त्यावर एक कडा पुढे आलेला आहे. त्याला ते लोक रंगीत गाय म्हणतात. तू त्या कड्याखाली इतका वेळ उभा राहिलास की परतीची गाडी चुकली. "कोन्या बाजूनं गाय हाये हे? ह्या लोकायनं गाय पाह्यलीच नाही." ये-जा करणाऱ्या माणसांना थांबवून तू विचारत होतास की शिंग दाखवा. मी लाजेनं नदीकडे तोंड करून उभा.

मग आपल्याला हेडविगबाई भेटल्या. एका दारावर हिरव्या डहाळ्यांचा झुपका लटकवलेला होता. मला वाटलं लग्नघर असेल. ते दारूचं घर निघालं. आपल्या वेलींची दारू घरीच विकायची असली की तिथं दारावर असा झुपका लावतात, ओसरीसारख्या खोलीत चार बाकं टाकतात आणि जे घरात शिजलं असेल ते वाढतात. बाई पन्नाशीच्या, हातांना भेगा, नवरा लढाईवर गेला तो परत आला नाही. एकट्या डोंगरावरच्या वेली सांभाळत होत्या. आपल्याला पाहून त्यांनी एवढंच विचारलं, "भूक आहे का?"

मी त्या बाईचा तिथंच गुलाम झालो.

त्यांनी ओव्हनमधून लोखंडी हंडी काढली. आलू किसून, त्यात कांदा, अंडं, दुधात भिजवलेला शिळा पाव आणि डुकराच्या चरबीचे तुकडे, हे सगळं त्या हंडीत घालून दुपारभर भाजलेलं. वरून आणि कडेनं काळसर खरपूस पापुद्रा, आत मऊ. सोबत सफरचंदाचा आंबटगोड लगदा. ड्योपेकोखे म्हणतात त्याला. खरपुडी कुणाला मिळणार यावरून तिथल्या घराघरात भांडणं होतात असं बाई म्हणाल्या, आणि तू लगेच माझ्या ताटातली खरपुडी उचललीस. वर म्हणालास, "रीत पाळली."

मी लाल दारूचा पेला घेतला. तिची चव अजून जिभेवर आहे, ती मी इथं सांगणार नाही, तुला त्यात गती नाही. तू सफरचंदाचा रस मागितलास. बाईंनी भुवया उडवल्या, पण आणून दिला.

त्यानंतर दर रविवारी आपण तिथं. तुला त्या स्वयंपाकघरात काय सापडलं कुणास ठाऊक. कांदा किती चिरला, किती परतला, मैद्यात काय घातलं, सगळ्या चौकशा. कांद्याची ती जाड पोळी भाजायच्या वेळी तर तू बाईंच्या हातातून सुरी घेऊन कांदे चिरायला बसलास. ती पोळी तिथं नव्या, गढूळ, अजून फसफसणाऱ्या दारूसोबत खातात. त्या दारूला बूच लावत नाहीत, लावलं तर बाटली फुटते. आणि तिथं तुझ्या डोक्यात तो किडा शिरला.

"आज पिळलेला रस हे दारू नाही ना?"

"नाही," मी म्हणालो. "नीरा समज."

"अन् चार दिवसांनं दारू. मंग दारू कोन्या दिवशी होते? कोन्या घडीले?"

"मले काय विचारतं? पेनार नाहीस ना तू, मंग कायले पाह्यजे?"

"रस पेईन ना. पन कुठवर रस हाये हे समजाले पाह्यजे."

तू ते हेडविगबाईंना विचारलंस. बाई हसल्या नाहीत. त्यांनी तुला तळघरात नेलं आणि पिंपाला कान लावायला सांगितला. म्हणाल्या, "तो बोलायला लागला की दारू. गप्प आहे तोवर रस." झालं. त्या दिवसापासून तू रसाचा प्रत्येक पेला कानाशी धरायचास! भरल्या बाकांवर, चार लोकांत, डोळे मिटून, पेला कानाला. लोक मला विचारायचे, तुमच्या मित्राला ऐकू कमी येतं का? मी हो म्हणायचो.

लवकर पिकणारी थोडी द्राक्षं तोवर पिळून झाली होती; डोंगरावरची मोठी तोडणी आली तेव्हा बाईंना माणसं कमी पडत होती. तू मला न विचारता दोघांचा होकार देऊन टाकलास. कमरेला फडकं बांधलंस, वऱ्हाडातल्या कापूस वेचणाऱ्या बायका ओटी बांधतात तसंच, आणि घड तोडत सुटलास. तिथल्या बाया बघतच राहिल्या. मला दिली पाठीवरची डालगी, घड भरून डोंगर उतरायचा. मी तुझ्याकडे रागानं पाहिलं तर तू काय म्हणालास? "लमानाच्या पाठीले ओझ्याची सवय असते. तुमच्या लोकायनं मीठ वाह्यलं, तू द्राक्षं वाह्य." माझे गुडघे आजही पावसाळ्यात त्या डोंगराची आठवण काढतात.

पण तो शेवटचा दिवस. शेवटची डालगी रिकामी झाली, सगळे जेवायला बसले. बाईंनी गेल्या सालची बाटली उघडली आणि कपाटातून एक पेला काढला. हिरव्या दांड्याचा, वर वेलबुट्टी कोरलेला. बाकीच्यांचे पेले साधे. बाई म्हणाल्या, हा माझ्या नवऱ्याचा. तो गेल्यापासून यात कुणी प्यालं नाही. आणि त्यांनी तो भरून तुझ्यापुढे ठेवला.

तू पेल्यावर तळहात ठेवलास आणि म्हणालास, "नाइन."

नाही. एवढंच. कारण नाही, माफी नाही. बाईंचा चेहरा पडला. त्यांनी पेला उचलला, आत नेला, पुन्हा बाहेर आल्या नाहीत. लोक आपल्याकडे बघायला लागले. मी तुझ्या दंडाला धरून तुला बाहेर काढलं.

गाडीत मी तुला सोडलं नाही.

"एक घोट, सखा! एक घोट घेतला असता तर कोन्ता बुद्ध रागावनार होता?"

"मी शब्द देल्ला हाये."

"शब्द! अरे, त्या बाईनं आपल्या मेलेल्या मानसाचा पेला तुह्यापुढं ठेवला. आपल्या टेबलावर, आपल्या पंगतीत. तुह्या गावात कोनं ठेवला होता असा? ह्याच्याचसाठी तुमी लोक भांडून राह्यले ना? अन् ठेवला तर तू हात आडवा लावतं!"

तू खिडकीबाहेर बघत राहिलास. तुझी ती सवय. मी डोकं आपटून घ्यावं आणि तू खिडकीबाहेर बघावं. तो आठवडाभर मी तुझ्याशी बोललो नाही. यंत्राचे नट तू मागितलेस तर मी लांबून फेकले.

रविवारी तू पुन्हा पांघरूण ओढलंस. "चाल."

"मी नाही येत. कोन्त्या तोंडानं येऊ?"

"माह्या तोंडानं ये. पन चाल. मले एकट्याले शब्द पुरनार नाहीत."

दारावरचा झुपका काढून टाकला होता. बाईंनी दार उघडलं, आत घेतलं, पण बसा म्हणाल्या नाहीत. तू उभाच राहिलास आणि तुझ्या त्या मोडक्या जर्मनमध्ये सुरुवात केलीस. मला वाटलं मी दुभाषा व्हायचं आहे. पण तू माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस.

"माइन फाटर," तू म्हणालास. माझा बाप. मग काम. मग, दिवसभर. मग, पैसे नाही, दारू. तुला पुढचे शब्द येईनात. "ग्लास नाइन," तू म्हणालास. आणि तू खाली उकिडवा बसलास, सखा, त्या बाईच्या फरशीवर, आणि दोन्ही हातांची ओंजळ करून तोंडाशी धरलीस. मान वर. वरून कुणीतरी ओतत असल्यासारखी.

मग एका हातानं तू जमिनीपासून उंची दाखवलीस. लहान पोराएवढी. आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलंस. म्हणजे, तेव्हा एवढासा तू हे बघत होतास.

मग हेडविगबाईंनी कपाट उघडलं. तोच पेला काढला. मोरीपाशी जाऊन नळ सोडला, पेला पाण्यानं भरला. टेबलापाशी आल्या. त्या स्वतः त्यातलं अर्धं पाणी प्याल्या आणि उरलेला पेला त्यांनी तुझ्या हातात दिला.

तू उठून उभा राहिलास आणि ते पाणी प्यालास. सावकाश.

बाईंनी डोळे पुसले आणि विचारलं, "भूक आहे का?" आणि आपण तिघांनी आदल्या दिवशीची उरलेली कांद्याची पोळी गरम करून खाल्ली. तू म्हणशील मला रडू आलं होतं. हो, आलं होतं. पण त्याहून जास्त मी संतापलो होतो.

स्टेशनावर मी तुला धरलं. "इतके वर्स आपन एका डब्यातून जेवतो. एका यंत्राखाली झोपलो. जे तू मले वऱ्हाडीत सांगतलं नाही ते त्या बाईले येत नसलेल्या भाषेत सांगतलं? मले काहून नाही सांगतलं?"

तू म्हणालास, "गाडी आली."

गाडी आली! हे तुझं उत्तर. आणि मी मूर्ख, गाडीत बसलो. परत आल्यावर मी दोनदा-तीनदा विषय काढला. एकदा वणीला यंत्र बसवायला गेलतो तेव्हा, एकदा तुझ्या अंगणात. दर वेळी तू दुसरंच काहीतरी काढायचास. अंगणातल्या त्या दिवशी तर तू आलूची हंडी चुलीवर चढवली होतीस. चरबी नाही म्हणून जवसाचं तेल घातलंस, ओव्हन नाही म्हणून झाकणावर निखारे ठेवलेस, आणि सगळ्या वस्तीला खाऊ घातलंस. म्हातारे विचारत होते, हे कोन्या गावचं जेवन? तू सांगत होतास, आर नावाच्या नदीवरचं. मी मोहाच्या दारूची बाटली घेऊन आलो होतो. तू ती उंबऱ्याबाहेर ठेवायला लावलीस आणि मला आत घेतलंस. खरपुडी मात्र मला दिलीस. पहिल्यांदाच. मी त्याबद्दल तुला काही बोललो नाही. चांगली झाली होती, सखा. हेडविगबाईंच्या तोडीची नाही, पण चांगली.

तुझ्यामुळे मी तो मुलूख पाहिला. माझ्यावर सोडलं असतं तर मी वर्षभर त्या वसतिगृहाच्या छताकडे बघत पडलो असतो आणि इथं येऊन थापा मारल्या असत्या. हेही मी कधी म्हणालो नाही. म्हणालो असतो तर तू ते दर आठवड्याला ऐकवलं असतंस.

काल तुझ्या घरी गेलो होतो. वंदना झाली, भिक्खू गेले, माणसं पांगली. सुमनवहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी ठरवून गेलो होतो की त्यांना ती ओंजळीची गोष्ट सांगायची. मला वाटलं, तू त्यांनाही सांगितली नसशील, आणि आता हे ओझं माझ्याकडे आहे, उतरवलं पाहिजे. मी घसा खाकरून सुरू केलं. बापाचं नाव काढलं मात्र, वहिनी म्हणाल्या, "ते मले माहीत हाये, भाऊजी. सासऱ्यायचं ना? साऱ्या वस्तीले माहीत हाये."

"साऱ्या वस्तीले?"

"लहानपनापासून सांगत ते. मीटिंगमधी उभं राहून सांगत. म्हनून तं किती जनायनं सोडली इथं दारू."

मला काय वाटलं असेल, तूच सांग. घाटंजीतल्या पोरासोरांना माहीत. जर्मनीतल्या एका बाईला माहीत. एक मी सोडून.

"मंग मलेच काहून नाही सांगतलं?" मी वहिनींना विचारलं. आवाज चढला होता, मला कळत होतं.

वहिनी म्हणाल्या, "मी विचारलं होतं त्यायले एकदा. ते म्हने, थावराले सांगतलं तं तो माह्याशी हळू बोलंन. बाकी सारे हळूच बोलतात, कोनी भीतीनं, कोनी कीव करून. एक तोच हाये जो माह्यावर मोकळा चिडते. तेवढा राहू दे म्हने."

मी तुझ्या फोटोकडे पाहिलं. हार घातलेला, तोंड मिटलेलं, नजर बाजूला. खिडकीबाहेर.

आणि मग मी सुरू झालो. लेका, तुले अक्कल होती का, इथपासून. शब्द देल्ला म्हनतं, अन् मले काय देल्लं, इथपर्यंत. पाणी उकळून पेत जा म्हणून मी कितीदा सांगितलं होतं, तेही काढलं. मेलेल्या माणसाच्या घरात, फोटोसमोर उभा राहून, हातवारे करत, मोठ्यानं. अंगणातली माणसं दारात गोळा झाली. तुझा थोरला भाऊ आत येऊन माझा हात धरायला लागला.

वहिनींनी त्याला थांबवलं.

"बोलू द्या त्यायले," म्हणाल्या. "मोठ्यानं बोलू द्या."